हरणे सर

त्या वर्षी आमच्याकडं सगळ्यांनी बिबट्या पाहिला. उसाच्या बांधावर बसलेला, मान वळवून आपल्याकडं बघणारा. 'आपली माणसं, शिरूर-दौंड' नावाचा फोनवर एक ग्रुप होता, तिथं कुणीतरी त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, आज सकाळी, मांडवगण फराट्याच्या शिवारात. दुपारी तोच बिबट्या नदी ओलांडून केडगावच्या बाजूला आला, तोच बांध आणि तशीच वळवलेली मान घेऊन. दुसऱ्या दिवशी तो कुरकुंभच्या कंपन्यांमागं दिसला. एवढं चालून जनावराची मान अवघडली कशी नाही, असं मी जेवताना विचारलं, तर पप्पा म्हणाले, "लोक खोटं कशाला सांगतील?" मी बारावीत होते आणि मला उलटाच प्रश्न पडायचा. लोक खरं कशाला सांगतील?

त्या ग्रुपवर काय यायचं नाही? नव्या ट्रॅक्टरला घातलेला हार, नातवाचं जावळ, फाट्यावरचा खड्डा, हरवलेली शेळी, सापडलेली किल्ली, सोसायटीच्या संचालकांवरची नाराजी. आनंद टाकला की खाली फुलांची रास पडायची. तक्रार टाकली की आधी विचारलं जायचं, तू कुणाच्या गटाचा? म्हणून तक्रारवाले बहुधा नाव झाकून लिहीत. तशी सोय होती. एक खूण केली की नावाच्या जागी 'अनामिक सदस्य' एवढंच दिसायचं. मीही तिथं होते, 'लेखणी' असं खोटं नाव घेऊन. मला सांगण्यासारखा आनंद नव्हता आणि तक्रार मांडायची हिंमत नव्हती, म्हणून मी लोकांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचे. आज मी त्याच कामावर पोट भरते. दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. त्या वेळी ते काम नव्हतं, नुसती खोड होती, आणि तिच्यात थोडा विखार होता हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमचं घर भीमेच्या अलीकडं, दौंड तालुक्यात, केडगाव स्टेशनपासून आत वस्तीवर. घरात पप्पा, आई, धाकटे काका, शैलाकाकू आणि मी. पहाटे आधी मोटरचा आवाज, मग गोठ्यात धारेचा, मग फाट्यावरून कुरकुंभला जाणाऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न. काकू त्या बसनं जायची. गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला होती, दीड वर्ष झालं होतं. कॉलेजचं पहिलं वर्ष करून तिचं लग्न झालेलं. बोलायला फटकळ, चालायला भराभर, आणि फोनवर दोन्ही अंगठ्यांनी इतकी झरझर टाइप करायची की आई भाकरी थापायची थांबून बघत राहायची. आईची शाळा चौथीपर्यंत. तिला वाचता यायचं, बोट ठेवून, ओठ हलवून. लिहिता जवळजवळ येत नव्हतं. पप्पांनी नवा फोन घेतला तेव्हा कोपरा फुटलेला जुना तिला दिला. तो ती पिठाच्या डब्यामागं ठेवायची आणि गोठ्यात जाताना कमरेला खोचून न्यायची. घरात ती फारसं बोलायची नाही. गायीशी मात्र खूप बोलायची. धारेच्या वेळी गोठ्यातून तिचा हलका आवाज सलग येत राहायचा, आणि आम्ही सगळे ते गायीशी बोलणंच समजत होतो.

संध्याकाळी आधी पप्पा, काका आणि मी जेवायचो. आई चुलीपाशी, काकू वाढायला. बाजरीची भाकरी, कांद्याची पात किंवा हुलग्याचं पिठलं, खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. पप्पांची एक लकब होती. भाकरी हवी असली की ते मागत नसत. ताटाच्या काठावर पहिल्या बोटानं दोनदा वाजवत, टक टक. भाकरी येई. मी जन्मल्यापासून तो आवाज ऐकत होते आणि तो मला मोटरच्या किंवा बसच्या आवाजासारखाच वाटायचा. त्यात कुणी काही म्हणत आहे असं कधी वाटलं नाही.

मग एका सकाळी ग्रुपवर अनामिक सदस्यानं लिहिलं. ते मला जसंच्या तसं पाठ आहे, कारण त्यात एकही विरामचिन्ह नव्हतं: "आमचे मालक भाकरी मागत न्हाईत ताटावर बोट वाजवतात टक टक मी चुलीपुढं असते तवा मला वाटतं माझं नाव टक टकच हाय आज भाकरी लई छान फुगली कुणी बघितली न्हाई म्हणून इथं सांगते."

दुपारपर्यंत सगळ्या तालुक्यानं ते वाचलं. बायकांनी फुलं टाकली, हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले. कुणी लिहिलं, आमचे तर शिट्टी वाजवतात. आणि 'लेखणी'नं लिहिलं: "ताई, तवा भाकरीचा. वेळेचा 'तेव्हा'. आधी एक शब्द शुद्ध शिका, मग गाऱ्हाणी मांडा." मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे अनामिक सदस्याचं त्याखाली उत्तर आलं: "शिकलेलं माणूस दिसतंय माझी पोरगी पण अशीच बोलती." मी ते वाचून हसले. आणि मनात म्हणाले, बिचारी पोरगी.

तरीही मला आमच्या घराचा संशय आला नव्हता. तो आधी पप्पांना आला. ते डेअरीवर दूध घालायला गेले तेव्हा रांगेतल्या एकानं कॅनच्या झाकणावर बोट वाजवलं. टक टक. सगळे हसले. पप्पा सोसायटीचे संचालक, गावात त्यांच्यापुढं कुणी मोठ्यानं खोकत नसे. जेवायच्या पंगतीत त्यांच्यासोबत चार गावची माणसं बसलेली, त्यामुळं ते बोट पुष्कळांनी पाहिलेलं. त्या संध्याकाळी ते जेवायला बसले, पहिली भाकरी संपली, बोट ताटाकडं गेलं आणि काठाच्या वर थांबलं. त्यांनी बोट मुठीत घेतलं, पाणी प्यायले आणि अर्धपोटी उठले. जाताना काकूकडं एकदा बघितलं.

त्या दिवसापासून घराचा आवाज बदलला. काकूचा फोन वाजला की काका मान वर करत. ती हसली की विचारत, "काय आलंय एवढं?" ती म्हणायची, "बिबट्या आलाय. आता आपल्या मोरीत बसलाय म्हणत्यात." काकांना हसू यायचं नाही. आईवर कुणाचा संशय गेला नाही. तिला बाराखडी यायची, पण ती अक्षरं फोनच्या बटणांवर कुठं बसतात हे सापडायचं नाही. पप्पांनी एकदा मला बाहेर बोलावून विचारलं, "तू शिकलेली हाईस, तायडे. भाषेवरून कळतं न्हवं माणूस? कोन असंल?" मी विचार केल्यासारखं केलं. आमचे मालक असं लिहिलंय, पण ती हूल असू शकते, असं म्हणाले. घरात पटापट लिहू शकणारी एकच बाई आहे, असं म्हणाले. "काकूच असणार. आईला लिहिता येत नाही." हे वाक्य मी किती सहज बोलले. उत्तरपत्रिकेत लिहावं तसं.

त्यानंतर पाच-सहा दिवस अनामिक सदस्य गप्प होता. मग ते आलं, ज्यानं आमच्या घराची झोप उडवली. पहाटेच आलेलं. "अंगात कणकण हाय तरी उठले कुणाला सांगू हरणे सर तिकडं पाय देऊ नको माझ्या पायावर लई लाड झालेत तुझे आज कामावर जायचं मन न्हाई जाणाऱ्यांचा हेवा वाटतो."

हे हरणे सर कोण, असं पहिल्यांदा शिरूरच्या एका बाईनं विचारलं. मग सगळ्यांनीच विचारलं. एकानं ओळखीचे दोन हरणे मोजून दाखवले, त्यातले एक निवृत्त होते. पायावर पाय देणारे सर म्हणजे शाळेतले की कंपनीतले, यावर वाद झाला. कुणीतरी फार बारीक बघून लिहिलं, "सरांना तू म्हणते. म्हणजे ओळख जुनी दिसते." ते वाचून मलाही वाटलं, खरंच की. टक टकवाली बाई हीच, हे सगळ्यांनी 'न्हाई' आणि 'हाय' या शब्दांवरून ओळखलं होतं. टक टक कुणाच्या ताटावर वाजतं हे डेअरीपर्यंत माहीत होतं. आणि त्या घरातून कामावर जाणारी बाई एकच.

काकांनी दोन दिवस कंपनीच्या फाटकाशी चौकशी केली. हरणे नावाचा कुणी नव्हता. त्यामुळं ते निवांत व्हायला हवे होते, पण संशयाचं तसं नसतं. "नाव बदलून सांगितलं असंल," ते म्हणाले. काकूनं एवढंच म्हटलं, "मग इचारता कशाला? तुम्हीच ठरवा कोन ते, पसंत पडंल तो." तिनं त्या दिवसापासून फोन उघडा चुलीशेजारी ठेवायला सुरुवात केली, ज्याला बघायचा त्यानं बघावा. मी बघितला. मी तिच्या फोनमध्ये सर शोधले. तिच्या सुपरवायझरही मॅडमच निघाल्या आणि माझी निराशा झाली, हे लिहिताना आज माझे कान गरम होतात.

शनिवारी सकाळी मी अभ्यासाला गोठ्याच्या बाजूच्या ओसरीत बसले होते. आतून धारेचा आवाज येत होता आणि आईचा तो सलग हलका आवाज. मी कधी नीट ऐकला नव्हता. त्या दिवशी निबंध सुचत नव्हता म्हणून ऐकला. आई म्हणत होती, "...तर आता मी काय करू सांगा बायांनो, दुसरीच्या माथी बसलंय..." आणि मधेच, जरा वरच्या पट्टीत, "हरणे, सर तिकडं. सर म्हणते न्हवं."

आमच्या गायीचं नाव हरणी होतं.

मी फटीतून बघितलं. फोन गव्हाणीच्या काठावर टेकून उभा केलेला. आईचे दोन्ही हात सडांवर. ती बोलत होती आणि पडद्यावर अक्षरं आपोआप उमटत होती, जे ऐकू येईल ते सगळं. गायीला बोललेलंही. आईनं धार संपवली, हात पुसले, ओठ हलवत ते वाचलं आणि या वेळी न पाठवता पुसून टाकलं. काम म्हणजे तिचं रानातलं, आणि हेवा बसनं जाणाऱ्यांचा. हरणे आणि सर यांच्यामध्ये एक स्वल्पविराम हवा होता. तो यंत्राला ऐकू येत नाही.

मला तेव्हाच आत जायला हवं होतं. मी वही मिटून घरात आले आणि चहा प्यायले. सांगितलं तर आईचं काय होईल, आणि नाही सांगितलं तर काकूचं काय होईल, हे मी दिवसभर तोलत बसले. मी मोठ्या न्यायानं विचार करते आहे असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी घाबरले होते. 'लेखणी' काय बोलली होती ते मला आठवत होतं.

रविवारी दुपारी सगळे घरी होते. मटणाचा रस्सा केला होता. पप्पा जेवायला बसले, पण त्यांनी घास घेतला नाही. म्हणाले, "शैला, उद्यापास्नं कंपनी बंद. चार महिने मांडवगणला जाऊन ऱ्हा." मांडवगण म्हणजे तिचं माहेर, नदीपलीकडं. "लोकांची तोंडं बंद झाली की बघू."

काकू उभी होती, हातात रश्श्याचं पातेलं. "म्या लिवलं न्हाई, दादा."

"मग कुनी लिवलं?"

"ते मला इचारू नका."

"म्हंजी म्हाईत हाय," काका म्हणाले. "बघ दादा, म्हाईत हाय हिला."

"व्हय, हाय म्हाईत. न्हाई सांगत. काय करता?"

मी ताटात बघत होते. तेवढ्यात पिठाचा डबा सरकल्याचा आवाज झाला. आईनं फोन काढला होता. ती चुलीपुढून उठली, पदर नीट केला, मधोमध येऊन उभी राहिली आणि बटण दाबून फोन तोंडाशी धरला. तिच्या लग्नापासून त्या खोलीत ती एवढं सलग बोलली नसेल. बोलताना ती कुणाकडं बघत नव्हती, फोनकडं बघत होती. पप्पा मधे बोलले, काका मधे बोलले, ती थांबली नाही. झाल्यावर तिनं फोन माझ्यापुढं धरला. "तायडे, काय उमटलंय ते मोठ्यानं वाच."

मी वाचलं.

"माझं नाव शकुंतला टक टक म्याच लिवलं हरणे सर कुणी न्हाई हरणी आमची गाय हाय तिला म्या म्हणलं हरणे सर तिकडं फोन ठेव आधी फोन ठेव शैलाचा काय दोष न्हाई वैनी गप बसा तिनं मला फकस्त बटन दाखवलं कुठं बोलायचं ते मी एकटी असते तेव्हा बोलते आज समदी हायत म्हणून समद्यांपुढं बोलते."

काकू फस्सकन हसली. पातेलं खाली ठेवून, तोंडाला पदर लावून हसली. "दादा, तुमचं पण आलं की त्यात. आन् ह्यांचं गप बसा."

पप्पा म्हणाले, "माझं पूस त्यातलं."

"मला पुसताना समदंच पुसलं जातं," आई म्हणाली. "निवडून पुसाय येत न्हाई." मग ती माझ्याकडं वळली. "नाव झाकायची खूण काढ. आन् टिंबं-बिंबं द्यायची ती दे. शुद्ध करून दे, म्हंजी कुणी हसायचं न्हाई."

मी पप्पांकडं बघितलं. त्यांनी ताट जवळ ओढलं. मी नावाची खूण काढली. हरणेच्या पुढं एक स्वल्पविराम दिला. बाकी काहीही दुरुस्त करायला माझा अंगठा वळला नाही. पाठवलं.

सोमवारी पहाटे बसचा हॉर्न वाजला आणि काकू गेली. डेअरीवर लोक बरेच दिवस पप्पांना हरणे सर म्हणत, अगदी आदरानं, अहो-जाहो करून. घरात मोठं काही घडलं नाही. काकांनी काकूची माफी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. फक्त त्या संध्याकाळी पप्पांचं बोट ताटाच्या काठावर गेलं, थांबलं, आणि ते म्हणाले, "भाकरी." आईनं तव्यावरची उचलून वाढली. फुगलेली होती. त्यांनी ती फोडण्याआधी क्षणभर बघितली असं मला वाटलं. तेही मी खात्रीनं सांगणार नाही.

आई पुढं त्या ग्रुपवर नावानिशी लिहीत राहिली. हरणीला कालवड झाली, जाई फुलली, आज ऊन फार. गाऱ्हाणं मात्र पुन्हा एकदाही लिहिलं नाही. सगळ्यांना वाटलं, संपली गाऱ्हाणी. मला तसं कधी वाटलं नाही. ती गाऱ्हाणी कुठंतरी दुसरीकडं जात होती, आणि कुठं ते मला कळलं नाही.

आई जाऊन महिना व्हायचाय. त्याच ग्रुपवर तिचा फोटो लागला, खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यातल्या किती जणांना ती आठवत असेल असं मनात आलंच. गर्दी ओसरल्यावर मी तो जुना मजकूर शोधून काढला. माझं काम असं आहे की डोळा आधी चुकीवर जातो. या वेळी तो उलट, बरोबर असलेल्या शब्दावर गेला. सगळं म्या, लिवलं, हाय, न्हाई, आणि त्यात एकच शब्द पुस्तकातला. मी एकटी असते 'तेव्हा'. त्या दुपारी तो मी मोठ्यानं वाचला होता आणि मला ऐकू आला नव्हता.

काकू तेव्हा मेथी निवडत बसली होती. तिच्या केसांत आता पांढरं दिसू लागलंय, कंपनीत ती लाइन इन्चार्ज झालीय. मी तिला विचारलं, "काकू, आईला माहीत होतं का, लेखणी म्हणजे मी?"

"अजून तपास चालू हाय व्हय, वकीलबाई?" तिनं काडी मोडून बाजूला टाकली. मेथीची दुसरी जुडी ओढून घेतली. मग म्हणाली, "म्हाईत होतं का न्हाई, ते मला सांगितलं न्हाई तिनं. पर मधे ती पाच-सहा दिस काय बोललीच न्हवती बघ फोनवर. तवा मी बसला निघाले की गोठ्यातनं आवाज यायचा. तेव्हा, तेव्हा, तेव्हा. मला वाटलं, गायीलाच कायतरी शिकवतीया."